सही करण्याआधी विचारायचं ते

बाबू, ताई सांगत होती की तू दोन कामं एकदम काढली आहेस. चांदुरात प्लॉट घेऊन घर बांधायचं, आणि शिरजगावकडच्या वावरात संत्र्याचं ग्रेडिंग-वॅक्सिंगचं शेड टाकायचं. दोन्ही चांगली आहेत. दोन्हींना कर्ज लागेल, आणि दोन्ही कर्जांची तऱ्हा वेगळी आहे.

बँकेतली पोरं काही वाईट नसतात. त्यांच्यासमोर रांग असते, म्हणून ती भराभर बोलतात: मार्जिन, मोरेटोरियम, प्री-ईएमआय, एलटीव्ही. आणि आपण मान हलवत राहतो. तुझी ती सवय मला लहानपणापासून माहीत आहे; गणिताच्या मास्तरांसमोरही तू अशीच मान हलवायचास. इथं हलवू नको. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचार: काम लांबलं किंवा पैसा अडकला, तर याचा भार कोणावर येईल? उत्तर मिळालं की शब्द कळला असं समज.

आधी जमिनीचं.

१. इसार देण्याआधी ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढ, आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना पहिल्यांदा वाच – जुन्या कर्जाचा बोजा तिथं बसलेला असतो, आणि दाखवणाऱ्याचा अंगठा नेमका त्याच रकान्यावर असतो.

२. ‘भोगवटादार वर्ग-२’ असं दिसलं तर खिशातला हात बाहेर काढू नको – अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगी येईपर्यंत तुझा इसार दुसऱ्याच्या घरात राहतो.

३. ले-आउटमधला प्लॉट असेल तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा दोन्ही माग – तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि नुसत्या गुंठ्याच्या चिठ्ठीवर बँक सहसा घरकर्ज देत नाही. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. प्लॉट टेपनं मोजून बघ, पुढचा रस्ताही मोज.

४. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर प्लॉटच्या ले-आउटलाही रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, लागतो. महारेराचा नंबर विचार आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघ – १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, म्हणजे तपासायला अमरावतीला जायचीही गरज नाही. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकणाऱ्याला घेता येत नाही, हे हसत हसत पण स्पष्ट सांग.

५. वकिलाच्या सर्च रिपोर्टची एक प्रत आपल्याकडे ठेव – बँका साधारण ३० वर्षांचा शोध मागतात, त्याचे पैसे तूच भरतोस, आणि वाटणीत सही न केलेली एखादी बहीण त्यातच सापडते.

आता रकमेचं. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि फसवणारा बहुतेक वेळा कोणी नसतो. आपणच हिशेब अर्धा करतो.

६. ‘एलटीव्ही’ म्हणजे घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज. रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के – ही बँकेला घातलेली वेस आहे, तुला दिलेलं वचन नाही. ९० म्हटलं तरी हातात ८० धरूनच चाल.

७. उरलेला आपला हिस्सा म्हणजे ‘मार्जिन’, आणि तो आधी लागतो – बँक म्हणते तुमचे पैसे घाला, मग आमचे. १० लाखांवरच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरत नाहीत, तेव्हा तेही खिशातूनच. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

८. मार्जिनची रक्कम जमेपर्यंत बँकेत ठेव – बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पतसंस्था सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही, पण घराच्या पायाचा पैसा आहे.

९. खरेदीखतावर किंमत कमी दाखवू या असं कोणी म्हटलं तर नाही म्हण – बँक तिच्या मूल्यांकनाची आणि कागदावरची किंमत यांतली जी कमी तिच्यावर कर्ज मोजते, आणि वरचे रोख दिलेले पैसे कुठंच दिसत नाहीत, ना बँकेला, ना उद्या कोर्टाला.

व्याजाकडे ये. आपल्याकडे पारावर कोणी विचारतं, ‘काऊन रे, किती टक्क्यानं घेतले?’ आणि समोरचा म्हणतो, ‘दोननं.’ ते दोन महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे २४. तीननं म्हटलं की ३६. बँकेचे साडेआठ वर्षाचे असतात. हे दोन टक्के एका माळेत ओवून बोलणारे शहाणे लोकही मी पाहिले आहेत. ‘टक्का ऐकावा, मुदत विचारावी, मग चहा प्यावा’ हे माझं म्हणणं तू वहीच्या पहिल्या पानावर लिही.

१०. ‘फ्लॅट’ की ‘घटत्या शिलकीवर’, हे विचारल्याशिवाय दर ऐकूच नको – ५ लाख ५ वर्षांसाठी फ्लॅट १० टक्क्यांनी घेतले तर व्याज अडीच लाख आणि हप्ता १२,५००. घटत्या शिलकीवर त्याच १० टक्क्यांनी हप्ता १०,६२४ च्या आसपास. फ्लॅटचे १० खरे तर सव्वासतरा असतात.

११. हप्ता किती हे विचारून झालं की एकूण किती हेही विचार – २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता १७,३५६ रुपये, आणि शेवटी भरणा साधारण ४१ लाख ६५ हजार. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात, मुद्दल फक्त ३,१८९ नं कमी होतं. म्हणूनच बाबू, वरचा पैसा आला की पहिल्या पाच-सात वर्षांत मुद्दलात टाक. शेवटी टाकून फारसं वाचत नाही.

१२. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही – तेव्हा बगीचा चांगला उतरला तर भीत भीत विचारू नको, भरून मोकळा हो.

१३. ‘रेपोशी जोडलेलं’ म्हणजे रिझर्व्ह बँकेनं दर हलवला की तुझाही हलणार. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं अशा बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत. दर वाढला की हप्ता वाढवायचा की वर्षं, हे बँकेनं तुला विचारायला हवं – न विचारता वर्षं वाढली तर हप्ता तोच दिसतो आणि माणूस निर्धास्त झोपतो, कर्ज मात्र निवृत्तीपलीकडे जातं.

१४. ‘केएफएस’ नावाचा कागद माग, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा तक्ता. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना तो द्यावाच लागतो, आणि त्यात ‘एपीआर’ म्हणून फी धरून वर्षाचा खरा दर असतो – दोन बँकांची तुलना या एका आकड्यावर कर, पोस्टरवरच्या आकड्यावर नको.

१५. कर्जासोबत विमा चिकटवत असतील तर त्याचा हप्ता कर्जातच घातला आहे का ते बघ – विमा घेणं चांगलं, पण त्या विम्यावर २० वर्षं व्याज भरणं चांगलं नाही. विमा इथूनच घ्या अशी सक्ती नसते.

बांधकामाचा पैसा एकदम येत नाही. आपला बगीचा व्यापारी कसा घेतो? सौद्याला इसार, आणि बाकी तोडणीच्या गाड्या निघतील तशी. बँकही तशीच: जोता, स्लॅब, प्लास्टर, अशा टप्प्यानं. घरकुलवाल्यांना हे माहीत आहे. साध्या भागात १ लाख २० हजारांचं अनुदान, तेही बांधकामाचा जिओ-टॅग फोटो चढला की पुढचा हप्ता. गावात कितीतरी भिंती खिडकीच्या उंचीवर थांबलेल्या तू पाहिल्या असतील. अनुदान मंजूर नव्हतं असं नाही. पुढच्या हप्त्यापर्यंत लागणारं सिमेंट आणायला घरात पैसा नव्हता.

१६. म्हणून एका टप्प्याचा पैसा नेहमी हातात ठेवून काम काढ – टप्पा पुरा झाल्यावर पैसा येतो, पण गवंड्याला रोजी शनिवारी लागते.

१७. ‘प्री-ईएमआय’ म्हणजे उचललेल्या रकमेचं नुसतं व्याज. ५ लाख उचलले तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला ३,५४२ रुपये – यात मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही, म्हणून बांधकाम जितकं लांबेल तितकं हे पाणी वाहतच राहील.

१८. तुझ्या बहिणीला सांग, अमरावतीत फ्लॅट बघताना ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ असं ऐकलं तर हुरळून जाऊ नको – कर्ज तिच्या नावावर असतं; बिल्डरनं भरणं थांबवलं की नोटीस तिच्या दारावर, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तीही तिचीच खराब.

१९. प्रकल्पावर बिल्डरचंही कर्ज असतं. त्या बँकेची आपल्या फ्लॅटपुरती ना-हरकत लेखी घ्यायला लाव – नाहीतर एकाच भिंतीवर दोन बँकांचा हक्क राहतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यानं कामाच्या प्रमाणात काढायचे, असं रेरा सांगतो. चेक त्या खात्याच्या नावाचाच लिही.

आता तुझं शेड. इथं थोडं थांबतो, कारण घराचं कर्ज पगारातून फिटतं, शेडचं कर्ज शेडनंच फेडायचं असतं. बँक तुझ्याकडे नाही, शेडकडे बघते. त्यामुळे कागद जरा वेगळे.

२०. प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून लिहून घे, पण त्यातला प्रत्येक आकडा तुला स्वतःला सांगता आला पाहिजे – अधिकारी विचारतो, ‘हंगामात रोज किती क्रेट?’, आणि अहवाल लिहिणारा तेव्हा तिथं नसतो.

२१. मशीन आणि शेडसाठी ‘मुदतकर्ज’, माल घ्यायला ‘कॅश क्रेडिट’. दोन्ही एकाच वेळी मंजूर करून घे – मशीन उभी आहे आणि संत्रा घ्यायला पैसा नाही, अशा हंगामात लोक सावकाराकडे जातात.

२२. ‘डीएससीआर’ला घाबरू नको: वर्षभराचा खर्च भागवून उरलेली रक्कम, भागिले वर्षाचे हप्ते आणि व्याज. ९ लाख उरले आणि ६ लाख भरायचे तर दीड – बँकांना साधारण दीडच्या आसपास आवडतो, कारण बहार थोडा कमी उतरला तरी हप्ता निघतो. तू स्वतः हा हिशेब अर्ध्या बहारावर करून बघ. तिथं एकाच्या खाली गेला तर कर्ज कमी कर.

२३. हप्ता महिन्याचा घेऊ नको, हंगामाचा माग. आंबिया बहाराचा माल हिवाळ्याच्या तोंडाशी, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी – पैसा वर्षातून दोनदा येणार आणि हप्ता बारा वेळा जाणार असेल, तर मधले महिने उसनवारीत जातात. अर्ज करतानाच लिहून दे. मंजुरीनंतर बदलायला जीव जातो.

२४. ‘मोरेटोरियम’ म्हणजे हप्त्याला सूट, व्याजाला नाही – संत्र्याची कलमं लावली की चार-पाच वर्षं फळ नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून पिकतं. त्या काळातलं व्याज मुद्दलात मिसळणार की वेगळं भरायचं, हे लेखी घे.

२५. सबसिडी हातात येणार असं धरून कोणालाही शब्द देऊ नको – पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ती ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, आणि उद्योग चालू असेल तरच कर्जात वळती होते. अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. तिथंही आधी कर्ज, मग अनुदान.

२६. कृषी पायाभूत सुविधा निधीचं नाव तूच बँकेत काढ. ग्रेडिंग-पॅकिंगचं शेड त्यात बसतं. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत – हजार योजनांच्या गर्दीत शाखेला आठवेलच असं नाही.

२७. अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ म्हणून १० टक्के तरी धर, आणि काम उगाच लांबवू नको. आपल्या विदर्भातलंच गोसीखुर्द बघ – धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो वर्षं सरत गेली तसा १८ हजार कोटींच्या वर गेला. सरकारला ते पेलतं. तुझ्या शेडला एक पावसाळाही जड जाईल.

सहीचं आणि नात्यागोत्याचं आता. ‘जामीन गोड, नोटीस कडू’ असं मी म्हणतो आणि घरचे हसतात. हसू देत.

२८. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच – बँक आधी त्याच्याकडे गेली तरी चुकीचं नाही. तुला कोणी मागितलं तर रक्कम विचारून, झोपून, सकाळी उत्तर दे. तू कोणाला मागशील तर त्याला हे वाचून दाखव.

२९. ‘हायपोथिकेशन’ मशीनवर, ‘गहाण’ जमिनीवर. शेडच्या कर्जाला शेडची जागा पुरत असेल तर राहतं घर तारणात घालू नको – एक धंदा बसला तर झोपायची जागा तरी वेगळी राहते.

३०. शेडपुरती जमीन अकृषक करशील तेव्हा एक समजून कर. २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही, अकृषक झालेल्या जमिनीला लागतो – त्यात बँकेला कोर्टात न जाता जप्ती करता येते. तेव्हा लागेल तेवढेच गुंठे अकृषक कर, अख्खं वावर नको.

३१. हप्ता थकणार असं वाटलं तर थकायच्या आधी शाखेत जा. ९० दिवस उलटले की खातं ‘एनपीए’ म्हणजे थकीत, मग ६० दिवसांची नोटीस – आधी गेलेल्याला हप्ते बदलून मिळू शकतात, नंतर गेलेल्याला फक्त तारखा मिळतात. लपून राहू नको. बँकेला तुझं घर माहीत आहे.

३२. एकरकमी तडजोड म्हणजे ओटीएस हा शेवटचा दरवाजा. मोठ्या कंपन्यांच्या तडजोडी पेपरात वाचून आपण हिशेब लावू नये – सिबिलमध्ये ‘बंद’ ऐवजी ‘तडजोड’ असा शेरा पडतो, आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो.

३३. आणि हे बाबू, मनावर घे: अडीनडीला सावकाराकडून पैसा घेताना ‘नावापुरतं खरेदीखत’ कधीही करून देऊ नको, कितीही जवळचा असला तरी. वऱ्हाडात कितीतरी कास्तकारांची वावरं या नावापुरत्या सहीत गेली – कागदावर ते कर्ज नसतं, विक्री असते. पैसे परत केले तरी वावर परत देण्याचा शब्द कुठंच लिहिलेला नसतो. कोणाचं असं झालंच असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यात वाट आहे: सावकारीत कर्जाचं तारण म्हणून गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे आपल्या शेजारच्या वावरवाल्यालाही सांग. तो लाजेनं बोलत नाही, आणि दर पेरणीला धुऱ्यापाशी उभा राहून स्वतःचंच वावर बघतो.

कर्ज घेताना सगळे सोबत येतात, फिटल्यावरचे कागद आणायला कोणी जात नाही. ती कामं तू स्वतः कर.

३४. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल काढ, फुकट मिळतो – दुसऱ्याचं कर्ज तुझ्या नावावर चढलेलं असलं तर गरज पडायच्या आधीच कळतं.

३५. शेवटचा हप्ता भरला की ‘बाकी नाही’चा दाखला घे आणि मूळ कागद मोजून घे, कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी तेव्हाच सही-शिक्क्यानं घेऊन ठेवलेली असू दे. १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात, चूक बँकेची असेल तर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये – हा नियम शाखेत गोडीनं सांगितला तरी काम होतं.

३६. मग तोच दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज दे, आणि फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून ‘इतर हक्क’ पुन्हा वाच – कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, आणि बापानं फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरवायला पुढं पोरं तहसीलीत चकरा मारतात.